डोक्यावरचा ठिपका

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला एका पहाटे उजव्या हाताने दगा दिला. अर्धांगाचा झटका सौम्यच होता. जीभ सुटली, पाय चालू लागला, पण हात काही पूर्वीचा राहिला नाही. चहाचा कप उचलला की बशीत तळं व्हायचं, मग केसाएवढी कमान कुठली बसवणार? दुकान बंद झालं. शेजारीपाजारी अजून ‘घड्याळजी’च म्हणायचे आणि तो शब्द ऐकला की त्याला आपल्याच मयताला हजर असल्यासारखं वाटायचं. डोळे मात्र ठणठणीत होते. पण नुसत्या डोळ्यांना कोण काम देतं?

घरात तो आणि सून. मुलगा बोटीवर, वर्षातून दोनदा यायचा. सून हाताला काही ना काही लावून घेणारी. एके दिवशी ती उबवणी केंद्रातून पुठ्ठ्याच्या खोक्यात पंधरा पिल्लं घेऊन आली. मोठेपणी अंगभर काळे-पांढरे पट्टे येणारी जात. आत्ता मात्र सगळी कोळशाच्या गोळ्यांसारखी, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक पांढुरका ठिपका. मागच्या अंगणात खुराडं बांधायचं, शाळेच्या स्वयंपाकघराला अंडी पुरवायची, असा तिचा बेत होता. अंगण तळमजल्यावरच्या नर्सबाईंच्या खिडकीला लागून. रात्रपाळी करून त्या दिवसा झोपायच्या. त्यांनी एकाच अटीवर होकार दिला होता: कोंबड्या खुशाल पाळा, कोंबडा एकही नको. सून निर्धास्त होती. केंद्राने सगळ्या माद्याच दिल्या होत्या, पावतीवर तसं लिहूनही दिलं होतं.

खोकं दिव्याखाली, घड्याळजीच्या खुर्चीपाशी ठेवलं गेलं. पहिल्या दिवशी त्याने तिकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी चिवचिवाटाने झोप लागेना म्हणून कुरकुरत वाकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी कपाटातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि मग जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

त्याला दिसलं ते असं. बहुतेक पिल्लांचा ठिपका लहान होता, कडा नेटक्या, जणू कुणी ब्रशच्या टोकाने टेकवलाय. चौघांचा मात्र मोठा आणि पसरट, फडक्याने पुसल्यासारखा. त्या चौघांपैकी तिघांचे पायही फिकट होते. बाकी बहुतेकांच्या नडग्या पुढून काळपट, आणि बोटांपाशी एकदम पिवळ्या. ही दोन खुणांची जोडी उगाच नसणार, असं त्याच्या मनाने घेतलं. एकाच कारखान्यातली दोन घड्याळं वरून सारखी दिसतात, पण झाकण उघडलं की कळतं ना, तसं.

“यातले चार नर आहेत,” तो सुनेला म्हणाला.

ती हसली. केंद्रातल्या माणसांचा हातखंडा आहे बाबा, रोज शेकड्याने निवडतात, असं म्हणाली. त्याने वाद घातला नाही. फक्त त्या चौघांच्या पायांत लाल दोरा बांधायला लावला, सैल, आणि दर आठवड्याला बदलायला सांगितला. सुनेने बांधला, म्हातारा कशात तरी रमला हेच तिला पुष्कळ होतं.

पिसं फुटली तशी गोष्ट उघडी पडू लागली. लाल दोऱ्याची तीन पिल्लं इतरांहून फिकी दिसू लागली, पांढरे पट्टे रुंद. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्यांचे तुरे लालबुंद झाले. चौथं मात्र गडद राहिलं, तुरा पिवळट, सरळसरळ तलंग, म्हणजे कोवळी कोंबडीच. आणि बिनदोऱ्याच्या अकरांतलं एक बेटं तुरा लाल करून ऐटीत फिरू लागलं. म्हणजे नर चारच निघाले, पण त्यातला एक त्याच्या हातून निसटला होता आणि एकीवर त्याने उगाच आळ घेतला होता. सून कौतुकाने म्हणाली, पंधरात तेरा बरोबर. त्याला ते दोनच सलत राहिले. ती दोन्ही पिल्लं त्याला पहिल्या दिवसापासून बुचकळ्यात टाकत होती. एकीचा ठिपका पसरट आणि पाय काळे, दुसऱ्याचा ठिपका मध्यम आणि पाय ना धड काळे, ना धड पिवळे. तेव्हा ‘कळत नाही’ म्हणायची त्याला लाज वाटली होती.

आरवायला लागण्याआधी नर परत करू, असं म्हणता म्हणता चौथा महिना लागला. मग एका सकाळी अंगणातून घसा बसलेल्या गवयासारखा आवाज उठला. सुनेने धावत जाऊन खुराड्यावर पोतं टाकलं. पण कोंबडं झाकून कधी तांबडं फुटायचं राहिलंय? नर्सबाई गणवेशातच वर आल्या, डोळे तारवटलेले. रागावल्या नाहीत, त्याचंच सुनेला जास्त वाईट वाटलं. आठवड्याच्या आत सोय करा, एवढंच म्हणून त्या झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सासरा-सून चारही नर टोपलीत घालून केंद्रावर गेले. केंद्र चालवणाऱ्या बाई आधीच वैतागलेल्या होत्या. जुनी निवडणारीण सोडून गेल्यापासून तक्रारींनी त्यांचा पिच्छा पुरवला होता. बदली तलंगा द्यायला त्या लगेच तयार झाल्या. पण घड्याळजी हलेना. हे पहिल्या दिवशीच दिसत होतं, असं तो म्हणाला.

“चार महिन्यांनी सगळेच शहाणे होतात, आजोबा,” बाई म्हणाल्या.

त्यावर सुनेने दोऱ्यांची हकिगत सांगितली, चुकलेल्या दोन पिल्लांसकट. त्या चुकांमुळेच बहुधा बाईंचा विश्वास बसला. त्यांनी त्याच सकाळी फुटलेली शंभर पिल्लं समोर ठेवली. सून एकेक उचलून उजेडात धरी, घड्याळजी भिंगातून पाही आणि सांगे. डावीकडे नर, उजवीकडे मादी. दहाव्या-बाराव्या पिल्लाला तो थांबला आणि तिसरी टोपली मागितली.

“तिसरी कशाला?”

“जे कळत नाही त्यांच्यासाठी.”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. गिऱ्हाइकाला शंका विकता येत नाही, त्या म्हणाल्या.

“शंका विकू नका, जवळ ठेवा,” घड्याळजी शांतपणे म्हणाला. “दोष सापडला नाही की मी गिऱ्हाइकाला तसंच सांगायचो, घड्याळ ठेवून जा, अजून कळलेलं नाही म्हणून. पुन्हा माझ्याकडे यायचे ते त्याच बोलण्यामुळे. हीसुद्धा पाच-सहा आठवडे इथेच वाढवा. आपोआप सांगतील.”

तिसऱ्या टोपलीत चौदा पिल्लं जमली. बाईंनी तिन्ही टोपल्यांतल्या पिल्लांच्या पायांत वेगवेगळ्या रंगांच्या कड्या घातल्या आणि शंभरच्या शंभर ठेवून घेतली.

ते सहा आठवडे घड्याळजीला फार लांबले. मी म्हाताऱ्याने कुठे नाक खुपसलं, असं तो दिवसाआड म्हणायचा. सून म्हणायची, नाक नाही बाबा, डोळा. फोन आला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती; ओल्या हातानेच तिने तो घेतला आणि केंद्राच्या बाईंचा आवाज ऐकताच सासऱ्याच्या कानाला लावला. शहाऐंशींत दोन चुकले होते. बाईंनी विचारलं, दर मंगळवारी पिल्लं फुटतात, सकाळी याल का? पण पिल्लं धरायला सूनबाईही हवी, दोघांनी मिळून.

पहिल्या मंगळवारी सहाशे पिल्लं होती. घड्याळजीने दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. दुपारी घरी आल्यावर तो इतका बोलला की सुनेला ताटावरून उठता येईना. संध्याकाळी नर्सबाई कामावर निघाल्या तेव्हा त्यांनाही त्याने जिन्यात गाठून ठिपका आणि नडगी समजावून सांगितली. त्यांनी घड्याळाकडे बघत का होईना, सगळं ऐकून घेतलं.

दोन महिन्यांत तक्रारी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. सुनेचीही नजर बसली. आता ती पिल्लू उचलतानाच मनाशी ठरवून टाकी आणि सासऱ्याच्या तोंडून तेच येतंय का, याची वाट बघे. एका मंगळवारी तो ‘मादी’ म्हणाला आणि तिने पिल्लू टोपलीत टाकलंच नाही.

“पुन्हा बघा, बाबा. ठिपक्याची मागची कड बघा.”

त्याने बघितलं. भिंग पुसून पुन्हा बघितलं. मागची कड विस्कटलेली होती, पुढून ती दिसत नव्हती.

“नर,” तो म्हणाला, आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवून तिच्यासाठी जागा केली. “पुढचा ट्रे तू सांग. मी नुसता बघतो.”