रात्रभर ठेवून बघा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. माझ्याबरोबर एक पत्र आले होते. त्या पत्राला सात वर्षे कोणी उत्तर दिले नाही. माझी सगळी गोष्ट त्या पत्राभोवतीच फिरते.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीतून लालभडक बाहेर पडले आणि थंड होता होता पारदर्शक झाले. माझ्यात खोकल्याचे औषध भरले गेले आणि मी एका कोळशाच्या खाणीजवळच्या घरात आले. त्या घरातले आजोबा खाणीत पंप चालवत. औषध संपल्यावर त्यांनी मला गरम पाण्याने धुतले आणि कामावर नेले. पंपातून उपसलेले पाणी ते रोज माझ्यात भरत, दिव्यासमोर धरत आणि आत कुठे माती ढासळते आहे का ते पाहत. एकदा माझ्यातला गढूळपणा पाहून त्यांनी बोगद्यातल्या माणसांना वेळेवर बाहेर काढले. तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत, "हा माझा तिसरा डोळा!" मित्रांनो, एवढे कौतुक एखाद्या औषधाच्या बाटलीच्या वाट्याला क्वचितच येते.

पुढे खाण बंद झाली. पंप थांबले, पण पाणी थांबले नाही. रिकाम्या बोगद्यांतून ते वर वर चढत राहिले आणि एक दिवस आजोबांच्या विहिरीला लोखंडाची चव आली. पाणी काढताना स्वच्छ दिसे, मात्र रात्रभर ठेवले की तळाशी नारिंगी गाळ बसे. आजोबांनी घरात सांगून पाहिले. सून हसली. "मामंजी, एवढं नितळ पाणी आणि तुम्हाला त्यात खाण दिसते! तपासणीवाले दर वर्षी येतात, ते काय आंधळे आहेत?"

त्या दिवसापासून नातीच्या पिण्याचे पाणी आजोबा लांबच्या नळावरून स्वतः आणू लागले. त्यांचे वय तेव्हा सत्तर होते.

बंद खाणीच्या पर्यावरण तपासणीला साहेब आले, तेव्हा आजोबा मला आणि एक पत्र घेऊन खाणीच्या फाटकाशी उभे होते. सकाळीच त्यांनी मला विहिरीच्या पाण्याने भरले होते. साहेबांनी मला उजेडात धरले.

"आजोबा, हे तर आरशासारखं आहे."

"आत्ता आहे, साहेब. रात्रभर ठेवून बघा. पत्रात सगळं लिहिलंय."

"बरं. कळवतो तुम्हाला."

साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. फार भिडस्त होते. त्या संध्याकाळी त्यांनी पत्र वाचले, उत्तर लिहायला घेतले आणि फाडले. पुन्हा लिहिले, पुन्हा फाडले. त्यांच्या यादीत पाणी तपासायच्या पाच जागा होत्या आणि ही विहीर त्यांत नव्हती. आपण काही लिहिले आणि ते चुकीचे निघाले तर? वरिष्ठांनी विचारले तर? शेवटी त्यांनी पत्र फायलीत लावले, मला कपाटात फायलींच्या मागे ठेवले आणि अहवालात लिहिले, 'सर्व ठिकाणी पाणी नितळ.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारिंगी झाले होते. कपाटाचे दार बंद होते. मला आवाज नाही. सात वर्षे मी ते सत्य पोटात घेऊन अंधारात उभी राहिले.

साहेबांच्या निवृत्तीला महिना उरला, तेव्हा शिपाईमामांनी कपाट रिकामे करायला घेतले. "साहेब, हा चहा कोणत्या सालचा?" ते हसत म्हणाले. "का झाकणाचा गंज उतरलाय?"

"झाकण प्लास्टिकचं आहे, मामा," साहेब म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग त्यांनी फाईल शोधून पत्र काढले. त्यात लिहिले होते, 'साहेब, फक्त एक ओळ लिहा. पाणी चांगलं असेल तर तसं, वाईट असेल तर तसं. घरात माझं कोणी ऐकत नाही. कागदाचं ऐकतील.'

त्याच आठवड्यात तपासणी होती. पाच जागा झाल्यावर साहेब यादी घडी करून खिशात ठेवून आजोबांच्या घरी गेले. मी त्यांच्या हातात होते. दार सुनेने उघडले. मला पाहताच तिने ओळखले.

"उशीर केलात, साहेब. मामंजी चार वर्षांपूर्वी गेले. नळाच्या उतारावर पाय घसरला, दोन्ही हातांत कळशा होत्या. तीन महिने अंथरुणावर होते. रोज विचारायचे, पोस्टमन आला का ग?"

साहेबांनी विचारले, "आता पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचंच. तुमच्या अहवालात नितळ लिहिलंय ना?"

साहेबांनी विहिरीचे पाणी दोन नव्या बाटल्यांत भरले. एक प्रयोगशाळेला दिली. दुसरी आपल्या घरी खिडकीत ठेवली, माझ्या शेजारी. सकाळपर्यंत तिच्याही तळाशी नारिंगी गाळ बसला होता.

निघताना त्यांनी सुनेला विचारले होते, "उत्तर कुणाच्या नावाने पाठवू?"

ती म्हणाली होती, "त्यांच्याच नावाने पाठवा. पोस्टमनने एकदा तरी त्यांचं नाव दारात घ्यावं."

मित्रांनो, मी बोलू शकत नाही, पण ज्यांना बोलता येते त्यांचेही कित्येकदा ऐकले जात नाही. कोणी तुमच्या हातात काही देऊन 'थोडं थांबून बघा' म्हणाले, तर थांबा आणि बघा. आणि जे दिसेल ते सांगा, तो माणूस वाट पाहत आहे तोवर.

प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता. साहेबांनी त्याची वाट पाहिली नाही. यादीत विहिरीची सहावी जागा लिहिली आणि मग कागद घेतला. या वेळी त्यांनी तो फाडला नाही. 'आजोबा, तुमचं बरोबर होतं. हे पाणी कोणी पिऊ नये. चूक माझी होती.' पाकिटावर त्यांनी आजोबांचे पूर्ण नाव लिहिले, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले, क्षणभर पाकीट हातात धरून उभे राहिले आणि मग ते आत सोडले.