मी माझीच घरघर ऐकत राहिलो

मित्रांनो, टेबलाच्या कडेला जो धुळकट काळा डबा दिसतोय ना, तो मी. वयाने थकलेला एक संगणक. आपली गोष्ट सांगताना बाकीचे छाती फुगवतात, मला मात्र मान वर करवत नाही. तरी सांगतो, कारण मनात ठेवून ठेवून जड झालंय.

माझा जन्म कारखान्यातला. तरुणपणी एका कचेरीत पत्रं टाइप केली, याद्या छापल्या. मग नवे चकचकीत संगणक आले आणि माझ्या पाठीवर 'निकामी' अशी चिठ्ठी चिकटली. भंगारात जाणार, इतक्यात कानसेन मला उचलून घेऊन आले. कानसेन हे त्यांचं खरं नाव नव्हे. दिवसभर कानाला हेडफोन, म्हणून शेजाऱ्यांनी ठेवलेलं. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यांनी रेकॉर्डिंगची जागा केली होती. त्यांनी माझ्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली, एक चांगला माइक जोडला आणि मला दुसरा जन्म दिला.

माझ्या पोटात एक साउंड सर्व्हर आहे. आवाजांचा कारभारीच म्हणा ना. कुठला आवाज कुठून घ्यायचा आणि कुठे पोचवायचा, हे तो ठरवतो. त्याच्या जोरावर मी काय काय रेकॉर्ड केलं! दुकानांच्या जाहिराती, शाळेची नाटकं, अंध मुलांसाठी धडे. कानसेन आल्यागेल्याला सांगायचे, "म्हातारा आहे, पण कुणाची साधी शिंकसुद्धा सोडत नाही." ते ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो.

त्यांची बायको मात्र म्हणायची, "अहो, आधी त्याच्या पंख्यातली धूळ झटका. दमेकऱ्यासारखा धापा टाकतोय."

"बघू रविवारी," कानसेन म्हणायचे.

रविवार आले आणि गेले. मलाही वाटायचं, थोडी घरघर झाली तर कुठे बिघडलं? माइक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जाड पडद्याआड होता. त्याला माझी घरघर ऐकूच जात नव्हती.

एके सकाळी कानसेनांना परगावच्या लेकीशी बोलायचं होतं. त्यांनी एक छोटा वेबकॅम आणून माझ्या डोक्यावर बसवला. त्यालाही इवलासा माइक होता. नवा पाहुणा आला म्हणून माझ्या कारभाऱ्याने त्याला थेट मानाची जागा दिली. यापुढे आवाज घ्यायचा तो याच्याकडूनच, असं परस्पर ठरवून टाकलं. लेकीशी गप्पा झाल्या, वेबकॅम तिथेच राहिला.

तासाभराने एक बाई आल्या. मोठ्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायच्या त्या. हातात एक जाडजूड कादंबरी होती, मध्ये कागदाची खूण घातलेली.

"परवा माझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या. "स्वरयंत्रच काढणार आहेत. नंतर काही बोलता यायचं नाही."

कानसेनांनी त्यांना माइकसमोरची खुर्ची पुढे केली.

"आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. बारा वर्षांपूर्वी दृष्टी गेली. रोज संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवते. या कादंबरीची चार प्रकरणं राहिलीत. माणसाला असं अर्ध्यावर सोडून कसं चालेल?"

"तुम्ही निर्धास्त वाचा, वहिनी. एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही."

कानसेनांचा नेम होता. माइकला टिचकी मारायची, दहा सेकंद रेकॉर्ड करायचं, हेडफोनवर ऐकायचं आणि मगच पुढे जायचं. पण त्यांनी हेडफोन चढवला मात्र, बाई अवघडल्या. "तुम्ही ते कानाला लावून बघता ना, मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. कानसेनांनी तो लगेच उतरवला. तोवर बाई वाचायलाही लागल्या होत्या. आता मध्येच थांबवायचं कसं? त्यांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. आवाजाची हिरवी पट्टी नाचत होती. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

मित्रांनो, ती पट्टी माझ्याच घरघरीवर नाचत होती. बाई पडद्यापलीकडे जीव ओतून वाचत होत्या आणि मी डोक्यावरच्या वेबकॅममधून माझ्याच पंख्याला कान लावून बसलो होतो. आवाज कुठून घेतोय ते मी स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, नाही असं नाही. पण इतक्या बारीक अक्षरांत, की तरण्या डोळ्यांनाही दिसू नये. सांगितल्यासारखं करायचं आणि नामानिराळं राहायचं, दुसरं काय! आजही आठवलं की लाज वाटते.

चौथं प्रकरण संपलं तेव्हा बाईंचा घसा पार बसला होता. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "भाऊ, दोन मिनिटं बाहेर जाता का? यांना एक सांगायचं राहिलंय." कानसेन बाहेर गेले. बाई माइकजवळ सरकल्या आणि अगदी हळू काहीतरी बोलल्या. नवराबायकोतलं खासगी म्हणून कानसेनांनी नंतर ते रेकॉर्डिंग उघडूनही पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी दोघं दवाखान्यातून थेट आमच्याकडे आली. बाईंच्या गळ्याला पट्टी होती. बोलणं संपलं होतं. 'हो' असेल तर त्या नवऱ्याचा हात एकदा दाबायच्या, 'नाही' असेल तर दोनदा. कानसेनांनी रेकॉर्डिंग लावलं. आधी घरघर, नुसती घरघर, आणि तिच्या पलीकडे भिंतीआड कुणी बोलावं तसा बाईंचा आवाज. कानसेनांचा चेहरा पडला. त्यांनी सगळे उपाय करून पाहिले, पण घरघर पुसायला जावं तर बाईही तिच्याबरोबर पुसल्या जायच्या.

"कादंबरीचं जाऊ द्या," घड्याळवाले म्हणाले. "ऑपरेशनला जाताना म्हणाली होती, शेवटपर्यंत ऐका. तेवढं लावा."

कानसेनांनी शेवट लावला. पाच वेळा लावला. पाचही वेळा त्या गृहस्थांनी स्पीकरला कान टेकवला आणि पाचही वेळा त्यांना मीच ऐकू आलो.

"वहिनी, लिहून द्या," कानसेन रडवेल्या आवाजात म्हणाले. "मी वाचून दाखवतो यांना."

बाईंनी नवऱ्याचा हात दोनदा दाबला.

"नाहीच म्हणणार ती," घड्याळवाले हसले. "परक्याच्या तोंडून सांगायचं असतं, तर एवढी लांब आली असती का?" मग त्यांनी तळहात पुढे केला. "इथे लिही. अक्षरं विसरलो नाही मी अजून. एकेक लिही, सावकाश."

बाईंनी बोट टेकवलं, पहिलं अक्षर काढलं. घड्याळवाल्यांना ते लागेना. पुन्हा काढलं.

"ओ भाऊ," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आधी ते यंत्र बंद करा हो. फार घरघर करतंय. तिच्याकडे लक्षच लागत नाही."

कानसेनांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडलं आणि ब्रश घेऊन पंखा लख्ख केला. आता मी जराही आवाज करत नाही, पण बैल गेला आणि झोपा केला! मित्रांनो, घरातल्या कुणाचा आवाज जपून ठेवायचा असेल, तर नुसत्या नाचत्या पट्टीवर विसंबू नका. माणूस अवघडलं तरी चालेल, त्याला थांबवा आणि दहा सेकंद कान देऊन ऐका. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यांची धूळ रविवारवर ढकलू नका. त्या बाईंनी जे एका श्वासात सांगितलं होतं, ते त्यांना एकेक अक्षर करून पुन्हा सांगावं लागलं, आणि तेही मला गप्प केल्यावर.