नाल्यात जाणारी खरवड

अक्काच्या मुलीला मुलगी झाली, त्याच वर्षी कारखान्याच्या फाटकावर अक्काचा डबा उघडला गेला.

“जेवणाचा डबा आहे, दादा.”

“मग जेवण कुठंय?” रखवालदाराने विचारलं.

डब्यात पांढऱ्या क्रीमची मूठभर खरवड होती.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी त्या क्रीमच्या कारखान्यात कामाला. मी मेणाच्या पातेल्यावर. पोत्यातल्या मेणाच्या पांढऱ्या पाकळ्या वितळवायच्या, शेजारच्या पातेल्यातलं पाणी तितकंच कढत झालं की दोन्ही एकत्र घुसळायचं. सगळे मला मेणबाई म्हणत. अक्का मोरीवर. रिकामी पिंपं गरम पाण्याने, कडक साबणाने घासायची. हातमोजे मागितले की मुकादम म्हणे, “क्रीमच्या कारखान्यात हात फुटतात म्हणे! उद्या हलवाई उपाशी मरेल!” आणि स्वतःच हसे.

अक्काची बोटं सांध्यासांध्याला चिरली होती. गालावरून हात फिरवला की नात किंचाळायची. मग अक्का हाताला पदर गुंडाळून तिला घ्यायची.

कारखान्याच्या केमिस्टबाईंनी एकदा सांगितलं होतं, “साबण घाणीबरोबर कातडीचं स्वतःचं तेलही नेतो. पापुद्रे उचकटतात, आतलं पाणी उडून जातं. हे मेण त्या फटी बुजवतं. पाणी देत नाही हं, असलेलं राखतं. म्हणून हात ओलसर असतानाच लावायचं.”

“वाळल्यावर लावलं तर दुष्काळच राखत बसायचा म्हणा की!” अक्का म्हणाली. बाईसुद्धा हसल्या.

पिंपाच्या कडांची खरवड रोज नाल्यात जायची. त्या दिवशी तेवढी डब्यात गेली.

मुकादमाने कागद पुढे केला. “साधी समज द्यायचीय. मेणबाई, साक्षीला तुझा अंगठा लाव, म्हणजे मिटलं.”

मला अक्षर येत नव्हतं. वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली. लावला अंगठा. दुसऱ्या दिवशी अक्काला फाटकातून आत घेतलं नाही. “वरून हुकूम आला, मी काय करणार?” मुकादम म्हणाला, आणि मी मूर्खासारखा विश्वास ठेवला.

नात शाळेत जाऊ लागली तेव्हा पन्नाशीत मीही तिच्याशेजारी पाटी घेऊन बसले. लोक हसले. हसोत. आमच्या क्रीमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते तेव्हा कळलं: ‘आईच्या हातासारखी माया’. तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे एकदा नातीचा दाखला शोधताना अक्काच्या पेटीत तो कागद सापडला. एकेक अक्षर जुळवत वाचला. ‘सदर बाई नेहमी माल चोरते, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.’ खाली माझा अंगठा.

“तुला ठाऊक होतं?”

“काढताना नक्कल हातात दिली होती. केमिस्टबाईंनी तेव्हाच वाचून दाखवली.”

“आणि मला सांगितलं नाहीस? नऊ वर्षं?”

“तू मुकादमाचं डोकं फोडलं असतंस. मग दोन्ही घरच्या चुली विझल्या असत्या. ओरडू नकोस, पोर झोपलीय.”

मी ओरडलेच. आजही ओरडावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पातेल्याखालची आच बंद केली आणि सगळ्या बायांसमोर मुकादमाला तो कागद वाचून दाखवला. अडखळत, पण शेवटच्या अक्षरापर्यंत.

“किती जुनी गोष्ट ही, मेणबाई!”

“हो. मला वाचायला इतकी वर्षं लागली.”

मी फाटकाबाहेर पडले ती कायमची. त्या दिवशीचं मेण पातेल्यातच गोठलं असणार.

अक्काला शेवटची अंघोळ घातली तेव्हा तिचे हात मी कुणाला पुसू दिले नाहीत. ओलसर असतानाच क्रीम लावलं, सांध्यासांध्यात. दुसऱ्या कारखान्याचं, दुकानातून आणलेलं.

“मावशीआजी, आता कशाला गं?” नात म्हणाली.

मी अक्काचं बोट सोडलं नाही.

अक्का, माझी थोरली बहीण, वारली तेव्हा नात दहावीला होती. थंडीचे दिवस, मंगळवारची सकाळ.