खांबावरची रेघ

सोमाटण्याच्या एअर रायफल क्लबात नवा स्कोप आला, की तो आधी मळवलीला भिकाजीआबांच्या ओसरीवर जायचा. आबांनी कारखान्यात तीस वर्षं भिंगंच तपासली होती. ते ‘पास’ म्हणाले तरच स्कोप रायफलीवर चढे.

हा नवा फारच देखणा होता. आबांना तिथंच संशय आला.

काच कडेपर्यंत स्वच्छ. डोळा इकडंतिकडं हलवला तरी फुली निशाणावरून ढळत नव्हती. फुलीच्या दांड्यांवरच्या खुणा मुंगीच्या पायाएवढ्या, तरी मोजता येतील अशा. शंभर मीटरवर एक खूण म्हणजे दहा सेंटीमीटर. गुंडी दहा क्लिक वर, दहा उजवीकडं, दहा खाली, दहा डावीकडं फिरवली, तर फुली मुकाट्यानं घरी परतली.

“एवढं शहाणं लेकरू कुणाचं असतंय व्हय?” आबा पुटपुटले.

मग त्यांनी स्कोप वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि आपल्या भातखाचराच्या कोपऱ्यातल्या, हद्दीवरच्या कुंपणाच्या खांबावर रोखला. टेपनं मोजून शंभर मीटर. वहीत लिहिलं : मंगळवार. उभी रेघ खांबावर, वर लोहगडाच्या बुरुजावर.

बुधवारी खांब रेघेपासून एक खूण उजवीकडं होता.

“घावलास!” आबा खूश झाले.

गुरुवारी दोन खुणा. आबांनी ट्रंकेतला आपला जुना, भरवशाचा स्कोप काढून शेजारी आवळला, खांबावर रोखला. शुक्रवारी नव्यात तीन खुणा, आणि जुन्यातही एक!

दोन स्कोप एकदम बिघडत नाहीत. मग उरला डोळा. आबांना चहा गोड लागेना. डोळाच गेला, तर क्लब कुणाला विचारणार? ‘पास-नापास’ म्हणायचं नाही, तर या वयात माणसानं म्हणायचं तरी काय?

पलीकडच्या खाचराचा मालक बाजीराव चहाला आला होता. त्याच्या जमिनीला मुंबईची पार्टी बघून गेली होती, त्यामुळं हल्ली तो सगळ्यांशीच गोड बोलायचा.

“मोतीबिंदू असंल, आबा. आन् त्या खांबाकडं कशाला बघत बसता? दुसरं कायतरी बघा की!”

तो गेल्यावर आबांनी त्याचं ऐकलं. स्कोपातून जरा वर, बुरुजाकडं पाहिलं. रेघ बुरुजावर, मंगळवारी होती तिथंच. आबांनी वही उघडली, मिटली आणि उरलेला चहा चवीनं प्यायला.

शनिवारी त्यांनी बाजीरावला हाक मारली.

“माझा डोळा गेला म्हणतोस, तुझा तर शाबूत हाय न्हवं? बघ. रेघ बुरुजावर हाय?”

“व्हय.”

“आन् खांब? खुणा मोज.”

बाजीराव बराच वेळ मोजत राहिला. चारच होत्या.

“चार,” तो शेवटी म्हणाला.

“म्हंजी चाळीस सेंटीमीटर माझ्या खाचरात. चार दिवसांत भातसुद्दा एवढं वाढत न्हाई, बाजीराव.”

बाजीरावनं डोळा स्कोपावरून काढला नाही. काढला असता, तर आबांकडं बघावं लागलं असतं.

“ह्या स्कोपातच घोटाळा असंल, आबा.”

“असंल, असंल. उद्या सकाळपतूर सुधारला तर पास करीन. न्हाई तर तालुक्याच्या मोजणीवाल्याला दावीन.”

रविवारी खांब परत आला होता. घाईत अर्धी खूण पलीकडं, बाजीरावच्याच हद्दीत रोवलेला. आबांनी दोनदा पाहिलं. एवढीशी चूक कुठल्याही स्कोपात चालते, असं ठरवून त्यांनी ‘पास’ लिहिलं.