धाकट्यानं आधी बोलायचं

पेल्यावरच्या झाकणाच्या कडेला एक थेंब लोंबत होता – पडतही नव्हता, आटतही नव्हता – आणि सरांना वाटलं, बैठक संपेपर्यंत हा असाच राहिला तर बरं. प्राचार्य विषय वाचून दाखवत होते: प्राचीन राज्यविचाराचा वर्ग पुढच्या वर्षीपासून ठेवावा की बंद करावा. ज्या वर्गात सरांचे केस पिकले, तो एका वाक्यात मावला होता.

तरी सर निर्धास्त होते. मत विचारायची इथली रीत त्यांचीच – धाकट्यानं आधी बोलायचं, थोरानं शेवटी, म्हणजे कुणी थोरांच्या तोंडाकडे बघून मत बदलत नाही. जुन्या सभांच्या अभ्यासातून त्यांनी ती उचलली, हट्टानं रुजवली. बायको होती तेव्हा चिडवायची, तिकडे शेवटी बोलता, म्हणून घरी पहिले तुम्ही आणि शेवटचेही तुम्हीच... तेव्हा आपण हसलो होतो. की नव्हतो?

सगळ्यांत धाकटी प्राध्यापिका म्हणजे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी; सर यंदा निवृत्त झाले की वर्ग तिच्याकडेच जायचा होता. खडू मोडून घ्यायची त्यांची लकबसुद्धा उचललेली. ती बोलेल, बाकीचे मान डोलावतील – एवढा हिशेब त्यांनी सकाळी दाढी करतानाच मांडून ठेवला होता.

ती उठली. "बंद करावा असं मला वाटतं," म्हणाली. मग हळू आवाजात, "मुलं येतात ती तुम्हाला ऐकायला, सर. मी शिकवायला लागले की बाकं रिकामी होतील. मला... मला हा विषय कधी आवडलाच नाही. तुमचं शिकवणं आवडायचं."

बाकीच्यांनी सुटल्यासारखी तिचीच री ओढली. कुणी सरांच्या विद्वत्तेबद्दल दोन गोड शब्द बोललं, माणूस गेल्यावर बोलतात तसे. सर ऐकत होते आणि नव्हते... तिचा आवाज कापला नाही. असं बोलायला आपणच शिकवलं हिला – अभिमान वाटायला हवा, वाटतोही आहे, मग राग कसला येतोय? तिचं मत हवं होतं कुठे आपल्याला? आपलंच हवं होतं, तिच्या तोंडून. म्हणजे इतकी वर्षं धाकटे आधी बोलत आले ते मनातलं, की सरांना रुचेल ते घोकून? आणि घरी बायको... ती तर बोलणंच सोडून बसली होती, जाण्याच्या कितीतरी आधी.

"सर, आता तुम्ही," प्राचार्य म्हणाले.

थेंब पडून गेला होता. कधी, ते बघायचं राहिलंच. सर उभे राहिले. तिचं म्हणणं खोडून काढणारं भाषण ओठांशी तयार होतं, चांगलं होतं. ती आता त्यांच्याकडे बघत होती – विद्यार्थिनीसारखी नाही, नुसतीच – आणि शेवटी बोलणाऱ्या सरांना, आधी बोलायला उठलेल्या एखाद्या धाकट्यासारखी, भीती वाटली.