हाकेच्या अंतरावर

म्हाताऱ्याची हाक पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा थोरली सून दारात लोकर विंचरत बसली होती. दुपार कलायला आली होती. हरवलेला एडका शोधायला सासरे सकाळीच झाडीत शिरले होते.

"भाऊजी, ऐकलंत?"

दीर मेंढवाड्याचं कुंपण बांधत होता. "बाबाच. सापडला असेल एडका."

पण हाक पुन्हा आली, आणि तिच्यात काही सापडल्याचा आनंद नव्हता.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा इथं झाडी नव्हतीच. दारात उभं राहिलं की नजर पोचेल तिथवर गवत. तिचा नवरा ट्रक चालवायचा, आठवडा-आठवडा बाहेर असायचा. तो परत येताना लांबवर धुळीचा लोट दिसला की ती चूल पेटवायची, आणि तो दारात येईतो जेवण तयार. सासरे दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी वाळलं गवत पेटवून द्यायचे. मग एका वर्षी वारं फिरलं, आग शेजाऱ्याच्या मेंढवाड्यात शिरली, आणि त्यानंतर त्यांनी माळावर काडी ओढली नाही. पुढं कुठूनशी ती काटेरी झुडपं आली. मेंढ्यांना त्यांच्या शेंगा भारी आवडायच्या. शेंगा खाऊन त्या हिंडायच्या आणि जातील तिथं लेंड्यांतून बी टाकायच्या.

"फुकटात सावली झाली की!" सासरे तेव्हा हसले होते.

कंबरेएवढी झुडपं डोक्याएवढी झाली, मग छपरापर्यंत गेली. तोडावं तर एका बुंध्याला चार फुटवे. माळावरचे चंडोल निघून गेले. घरामागची विहीर आटली. शेजाऱ्यानं चंबूगबाळं आवरून शहर गाठलं. आणि गेल्या हिवाळ्यापासून मेंढ्या कमी व्हायला लागल्या. रक्त नाही, ओरडा नाही, संध्याकाळी आत घेताना नुसती एक मेंढी कमी. सुनेनं परोपरीनं सांगूनही सासरे एकटेच जायचे. "डोळे बांधून सोड मला," ते म्हणायचे, "या माळावर मी चुकायचा नाही."

तिसरी हाक आली तसा दीर कोयता घेऊन पुढच्या बाजूनं आत घुसला. फांद्यांचा आवाज लांब लांब गेला. बऱ्याच वेळानं मेंढ्या एकदम बिथरल्या. सुनेनं वळून पाहिलं, तर दीर घराच्या मागच्या बाजूनं बाहेर पडत होता. चेहरा ओरबाडलेला, सदरा फाटलेला.

"मी सरळच गेलो होतो, वहिनी," तो म्हणाला. त्यानं घराकडे पाहिलं. मग पुन्हा म्हणाला, "अगदी सरळ."

 पण घाबरून बसायला वेळ नव्हता. तिनं त्याच्या हातात परात आणि पळी दिली. "पत्र्यावर चढा आणि वाजवत राहा. थांबू नका. तुमचा आवाज पाठीमागं ठेवून मी हाकेकडे जाते. हाक अजून हाकेच्या अंतरावरच आहे ना?"

"आहे. पण कुठली बाजू तेच तर कळत नाही."

"कळेल," ती म्हणाली आणि कोयता घेऊन शिरली.

आत ऊन नव्हतं. पायाखाली गवताची काडी नव्हती, नुसती शेंगांची टरफलं आणि भुसभुशीत माती. ती फांदी छाटायची, वाकायची, थांबून ऐकायची. मागं परात. पुढं सासऱ्यांचा आवाज, जड, घुमणारा, जणू जमिनीतून येणारा. एका काट्याला लोकरीचा पुंजका अडकला होता. तो तिनं ओढून काढला, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर होता. मेंढी इतकी उंच नसते. मेंढीला कुणीतरी उचलून नेलं होतं.

तेवढ्यात पुढची हाक बंद पडली.

"मामंजी!" ती ओरडली. उत्तर नाही. मागं परात वाजत होती, तेवढीच. कुठूनतरी उग्र वास आला आणि विरला.  मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि हाक जिथून शेवटची आली होती तिकडे फांद्या तोडत निघाली.

पुढच्या पावलाला जमीन लागलीच नाही. तिनं बुंधा धरला म्हणून वाचली. वेलींच्या जाळीखाली विहीर होती. त्यांचीच. जिथून वर्षानुवर्षं तिनं पाणी भरलं होतं ती विहीर तिला ओळखू आली नव्हती.

"मामंजी, खाली आहात?"

"हळू बोल," खालून कुजबूज आली. "पाय मोडलाय."

"हाका का थांबवल्यात? माझा जीव गेला ना!"

"तुझ्या आधी कुणीतरी आलं होतं, पोरी. काठावरून वाकून बघत होतं. मला वाटलं तूच. म्हणून हाक मारली, तर ते गुरगुरलं."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिथूनच तिनं सगळा जीव एकवटून दिराला दोर आणायची हाळी घातली. छाटलेल्या फांद्यांच्या मागावरून तो दोर घेऊन आला, खाली उतरला, आणि बापाला पाठीशी बांधून वर घेऊन आला.  परतताना बाजूच्या झाडीत अधूनमधून टरफलं चुरडल्याचा आवाज यायचा. ते थांबले की तो थांबायचा.

नवरा आल्यावर दिरानं विषय काढला. "पेटवून देऊ सगळं."

म्हाताऱ्यानं अंथरुणातून मान हलवली. "गवत जळतं आणि विझतं. हे पेटलं तर घराला घेऊन जाईल. ती वेळ गेली, बाबा."

मेंढ्या मिळेल त्या भावात विकून ते शहरात गेले, दोन खोल्यांत. पाय जुळला, पण सासरे काठीशिवाय चालले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात छपराचे पत्रे काढून आणायला सगळे ट्रकनं गेले. सडकेवरून आत वळायची वाट नवऱ्याला दिसेना. तो दोनदा पुढं गेला, दोनदा मागं आला. शेवटी सुनेनं उतरून हातानं फांद्या बाजूला केल्या. आत आणखी फांद्या होत्या.

"घर इथंच होतं ना?" त्यानं विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "इथंच आहे."

आत, फार लांब नाही, टरफलं चुरडली. ती ट्रकमध्ये चढली, दार ओढून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "वळवा."