उन्हाची गोळी

माझ्या पोराच्या अंगात ऊन कमी हाय, असं पालघरचा डॉक्टर म्हणाला तेव्हा मला आदी हसू आलं. मग लाज वाटली. आमी पालघरजवळच्या माहीमचे मच्छीवाले. सकाळी सातपासून माझी पाठ उन्हात भाजते, आणि माझाच दर्पण उन्हावाचून पांढरा पडलाय.

अठ्ठावीस वर्षांचा हाय. एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहितो, घरूनच, माडीवरच्या खोलीत. खिडकी बंद, पडदा ओढलेला, कारण उजेडानं स्क्रीन दिसत नाय. नाश्ता वर, जेवण वर, चहा वर. नेऊन देणारी मीच, दुसरी कोण? गेल्या सोमवारी जिना उतरताना त्याचे पाय लटपटले आणि धाडकन पडला. डॉक्टरनं आठवड्याला एक गोळी दिली. उन्हाचीपन गोळी निघालीय बघा. वर बजावलं, "नुसत्या गोळीवर राहू नका. रोज अर्धा तास ऊन, आणि तासातासाला खुर्चीतून उठायचं. नाहीतर हा चाळिशीत म्हातारा होईल."

एका घरात राहून मला या पोराची आठवण येते, हे सांगू कुणाला? तो बोलतो ते कानात यंत्र घालून, दुसऱ्याच कुणाशी. मी आपली दाराशी ताट घेऊन उभी.

दुसऱ्या दिवशी त्याला खळ्यात नेला, आमी बोंबील वाळवतो तिथं. शेजारची भागी कामाला लागलीच होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एवढंच काम. भागीची सात वर्षांची नात बोलता बोलता करते. दर्पणनं एक जोडी घेतली. जमेना. बोटांना मुंग्या येतात त्याच्या. बोंबील सुटून वाळूत पडला.

"रंभाबाई, दर्याकाठचाच ना गं हा?" भागी हसली.

"आईनं मला इथं येऊ कुठं दिलं," दर्पण म्हणाला.

खोटं नाय ते. वर्गातली पोरं नाक धरतील म्हणून लहानपणी मी त्याला खळ्यात पाऊल टाकू दिलं नाय. तू अभ्यास कर, मासळीचं मी बघते, हेच रोजचं.

"मी वरून बघत बसायचो, आई. पुस्तक उघडं ठेवून. तुमचं सगळ्यांचं हसणं ऐकू यायचं."

मला वाटायचं, पोरगा वाचतोय. बायकांना बोट करून दाखवायची मी, बघा, खिडकीतून हलत नाय.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मिटिंग. माझ्या तोंडातून सवयीनं निघूनच गेलं, "जा बाबा, काम आदी." तो पँट झटकून उठला आणि गेला. दहा मिनिटंपन बसला नव्हता.

मी दोन जोड्या टाकल्या. तिसरी हातात तशीच राहिली. ती भागीकडं दिली आणि जिना चढले. मिटिंग चालू असताना दार वाजवायचं नाय, हा नियम घरात मीच केलेला. त्याच्या बापालापन त्यापायी कितीदा गप्प केलंय. दार वाजवलं. मग उघडलंच.

"दर्पण, चल खाली. मला तू खाली पायजेस."

स्क्रीनवरची चार माणसं माझ्याकडं बघत होती. केस विस्कटलेले, हात बोंबलाचे. बघू देत. मी दारातून हलले नाय.